अपघाताचा धसका जात नाहीये, विपश्यनेला पाठवू की थेरपिस्टकडे नेऊ?

गोंधळलेली:

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही कल्याणला राहतो, सासर नाशिकचं. गेल्या पावसाळ्यात नवरा आणि त्याचा मित्र नाशिकहून परत येत होते, गाडी नवरा चालवत होता, कसारा घाटात उतारावर मागून ट्रकने ठोकलं. ट्रकचे ब्रेक फेल. मित्र जागीच गेला. नवऱ्याचं कॉलरबोन मोडलं होतं ते जुळलं, फिजिओ झाली, हात आता पूर्ण वर जातो. पंचनाम्यात सगळी चूक ट्रकचीच आहे, मित्राच्या घरच्यांनीही एका शब्दाने बोल लावला नाही. पण हा अजून तिथेच आहे. "मी चहाला थांबलो नसतो तर" हे एकच वाक्य. रात्री तीन-साडेतीनला दचकून उठतो, मग गॅलरीत बसून राहतो. मागून मोठा हॉर्न वाजला की पांढराफटक पडतो. परवा बसमध्ये होतो, पाऊस नव्हता, ड्रायव्हरने काच पुसायला वायपर लावले फक्त, हा पुढच्या स्टॉपला उतरून गेला, मी मुलीला घेऊन मागे धावतेय. मित्राचं नाव घरात घ्यायचं नाही. मुलीवर कधी आवाज चढवायचा नाही तो आता कुकरच्या शिट्टीवरून खेकसतो आणि मग स्वतःच रडतो.

सासूबाई म्हणाल्या आता समृद्धीने जाऊ, बोगद्यातून थेट इगतपुरीला निघतो, घाट लागतच नाही. हा हो म्हणाला, गाडीत बसला आणि सोसायटीच्या गेटपाशी उतरला.

आता सल्ले. मामांनी (त्याचे मामा) इगतपुरीला बरीच शिबिरं केलीयत, ते म्हणतात दहा दिवस विपश्यनेला पाठवा, माणूस नवा होऊन येतो, पैसेही लागत नाहीत. ऑफिसमधला एकजण म्हणतो ईएमडीआर करा, ते डोळ्यांसमोर बोटं हलवतात ते. नणंद रोज कुठल्या तरी हीलरच्या रील्स पाठवते, दोन दिवसांत ट्रॉमा रिलीज. फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलमची अर्धी गोळी रात्रीसाठी दिलीय, ती दोन-तीन महिने चालूच आहे. मला यातलं काहीच कळत नाही. आधी काय करू? कुणाच्या घरात असं झालं असेल तर प्लीज सांगा.

चहाबाज:

ताई, वाचून वाईट वाटलं. मामांशी सहमत. मी स्वतः धम्मगिरीला (इगतपुरीचं विपश्यना केंद्र) शिबिर केलंय, नोकरी गेली होती, घरात भांडणं, डोकं नुसतं भणभणत होतं. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, नाकपुड्यांपाशी, दुसरं काही नाही. चौथ्या दिवसापासून अंगभर संवेदना बघत जायचं. फोन जमा, बोलणं बंद, पहाटे चारला घंटा. तिसऱ्या दिवशी पळून जावंसं वाटलं होतं पण टिकलो, आणि खरंच सांगतो राग निम्मा झाला. तिहार जेलमध्ये कैद्यांनी केलंय १९९४ ला, हजारभर कैदी एकाच शिबिरात बसले होते. गोळ्यांच्या नादी लागू नका, सवय लागते. एकदा पाठवून तर बघा, जातंय काय?

मनकवडा:

मी या क्षेत्रात काम करतो (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट), इथे लिहिणं म्हणजे उपचार नव्हेत एवढं आधीच सांगतो, पण चहाबाज यांचा "जातंय काय" वाचून राहवलं नाही.

ताई, तुम्ही जे लिहिलंय ना, अचानक परत तिथेच असल्यासारखं वाटणं, नाव-जागा-गाडी टाळणं, स्वतःला दोष, झोप उडणं, दचकणं, चिडचिड, आणि हे सगळं महिन्याहून जास्त टिकणं, हे जवळपास पुस्तकात लिहिल्यासारखं पीटीएसडीचं (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार) वर्णन आहे. निदान समोर बसूनच करायचं असतं, पण दाखवायला न्यायला एवढं पुरेसं आहे. अपघातानंतर पहिले काही आठवडे असं बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. एवढे महिने होऊनही ओसरलं नाही तर "वेळ हेच औषध" हे वाक्य बाजूला ठेवायचं.

आता विपश्यना. वाईट अजिबात नाही, मी स्वतः ध्यान करतो. पण दहा दिवस, दिवसाला दहा तासांच्या आसपास, डोळे मिटून, कुणाशी न बोलता, शरीरात काय होतंय तेवढंच बघायचं. ज्याच्या शरीरातच ती धडक अजून बसलीय त्याला हे सांगणं म्हणजे काय होतं? छातीत धडधड सुरू होते, ती बघत बसायची, ती वाढते, त्यातून ते दृश्य येतं. तुमच्या-माझ्यासारखा माणूस "येतंय, जातंय" म्हणू शकतो. याला ते जाताना दिसतच नाही, तो थेट घाटात असतो. घरी असता तर उठून गॅलरीत गेला असता, तिथे अधिष्ठानाच्या बैठकीत तासभर हलायचंही नसतं. आचार्यांना भेटता येतं, पण ते ध्यान शिकवणारे आहेत, थेरपिस्ट नव्हेत, आणि त्यांनी तसा दावाही कधी केलेला नाही. उलट केंद्राच्या नियमावलीतच लिहिलंय की विपश्यना ही वैद्यकीय किंवा मानसोपचाराला पर्याय नाही, आणि अर्जात मानसिक त्रास, चालू गोळ्या हे सगळं विचारतात. ते लपवून अर्ज भरू नका, मामा म्हणाले तरी.

(अवांतर: ही शिबिरं ज्यांनी भारतात सुरू केली ते खुद्द गोयंका गुरुजी ब्रह्मदेशात असताना मायग्रेनसाठी ऊ बा खिन (पुढे त्यांचे गुरू) यांच्याकडे गेले, तर त्यांनी आधी नकार दिला, नुसती डोकेदुखी घालवायला यायचं असेल तर येऊ नका म्हणून. हा किस्सा गुरुजी स्वतःच सांगायचे.)

ध्यानातून त्रास वाढू शकतो यावर अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात विलोबी ब्रिटन यांनी बरीच वर्षं काम केलंय, ज्यांना आधीचा आघात आहे त्यांनी जास्त सांभाळून करावं हा त्यातला एक मुद्दा. म्हणून क्रम महत्त्वाचा. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले ते आजही वापरले जातात: आधी सुरक्षित वाटणं, मग घडलं ते आठवून त्याचा शोक करणं, मग पुन्हा माणसांत आणि आयुष्यात येणं. विपश्यनेचं शिबिर तिसऱ्यात बसेल. तुमचा नवरा अजून पहिल्याच्या दारात आहे, झोपच नाही त्याला.

चहाबाज:

ठीक आहे, हा विचार केला नव्हता. पण मग माइंडफुलनेस माइंडफुलनेस म्हणून सगळे डॉक्टरच सांगत असतात ना हल्ली? ते काय वेगळं आहे? आमचंच तर आहे, इंग्रजी नाव लावून परत आलंय.

मनकवडा:

बरोबर, मूळ तेच. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या हॉस्पिटलात कोर्स सुरू केला (आता तो आठ आठवड्यांचा असतो), जुनाट दुखणी असलेल्या पेशंटसाठी, तो बौद्ध ध्यानातूनच घेतलेला. फरक मात्रेचा. आठवड्यातून एकदा वर्ग, रोज घरी सराव, आणि मधे आयुष्य चालू. आघात झालेल्या माणसाबरोबर आम्ही त्याहूनही कमी करतो. डोळे उघडे. श्वासावर लक्ष नकोच सुरुवातीला, कारण घाबरलेल्या माणसाचा श्वासच अडकलेला असतो. तळपाय जमिनीला टेकलेत ते जाणवतंय का, पंख्याचा आवाज, खोलीतल्या पाच निळ्या वस्तू सांग. दोन मिनिटं, बास. त्याला त्रास व्हायला लागला तर थांबायचं, त्यात हार-जीत काही नाही. रात्री तीनला उठतो तेव्हा गॅलरीत तुम्ही हेच करून बघू शकता ताई: थंड पाण्याचा ग्लास हातात द्या, आज कुठला वार, आपण कुठे आहोत, समोरच्या बिल्डिंगमध्ये किती दिवे चालू आहेत हे विचारा. अपघाताबद्दल काही विचारू नका त्या वेळी.

अपूर्णांक:

ईएमडीआर मी घेतलंय म्हणून लिहिते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मी आयसीयूत होते, माझ्या शेजारच्या बेडवरच्या काकू रात्री गेल्या, पडदा ओढला पण आवाज तर येतच होते. घरी आल्यावर मायक्रोवेव्हची बीप सहन व्हायची नाही, मी मायक्रोवेव्ह कुणाला तरी देऊन टाकला. सगळे म्हणायचे तू वाचलीस ना, देवाचे आभार मान.

गेल्या गेल्या बोटं हलवत नाहीत. आधीच्या काही भेटी नुसत्या इतिहास, झोप, औषधं, आणि एक "सुरक्षित जागा" ठरवायची, मी माझ्या आजोळच्या पडवीतला झोपाळा घेतला. ती जागा मनात आणून तिथे टिकता येतंय का हे बघूनच पुढे गेल्या मॅडम. मग त्या रात्रीतलं सगळ्यात टोचणारं एकच दृश्य निवडायचं, माझ्यासाठी पडद्याखालून दिसणाऱ्या नर्सच्या चपला. ते बघताना स्वतःबद्दल काय वाटतं? "मी ओरडायला हवं होतं." त्रास शून्य ते दहा किती? नऊ. अंगात कुठे? गळ्यात. मग त्यांच्या बोटांमागे डोळे डावीकडून उजवीकडे, अर्धा-एक मिनिट, थांबायचं, लांब श्वास, आता काय आलं? जे येईल ते एका वाक्यात सांगायचं, त्या सल्ला देत नाहीत, "त्याच्याबरोबर जा" म्हणतात आणि परत बोटं. मला मधेच दृश्य सोडून काकूंच्या हातातल्या हिरव्या बांगड्या आठवल्या, मग माझीच आई आठवली, धाय मोकलून रडले. शेवटी तेच दृश्य परत आणलं तर ते होतं, पण लांब होतं, आणि "मला ऑक्सिजन लावला होता, मी ओरडू शकतच नव्हते" हे पहिल्यांदा खरं वाटलं. तोपर्यंत माहीत होतं नुसतं.

जादू नाहीये. त्या रात्री विचित्र स्वप्नं पडली, दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं. त्या दिवशी घरी कुणी पाहुणे नकोत, नवऱ्याला आणायला जा. एक दृश्य बसलं की दुसरं वर येतं, तेही घ्यावं लागतं. पण बीप आता नुसती बीप आहे.

वऱ्हाडी_ठेचा:

बोटांच्या मागं डोळे फिरवून कसं काय बरं होतं बुवा, मला तर हे झाडफूक वाटायचं. वाचलं थोडं. फ्रॅन्सिन शपिरो नावाच्या बाईंना १९८७ ला बागेत फिरताना सुचलं, १९८९ ला पेपर लिहिला, आणि तेव्हापासून भांडण चालूच आहे की डोळे फिरवायची गरज आहे का नुसतं ते दृश्य धरून ठेवल्यानंच काम होतं. एक म्हणणं असं की डोक्याला एका वेळी दोन कामं दिली की आठवणीची धार कमी होते. नेमकं कसं ते अजून ठरलं नाही पण फायदा होतो यावर फारसा वाद नाही, डब्ल्यूएचओनं २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी ट्रॉमावर नेम धरून केलेली सीबीटी (विचार आणि वागणं बदलायची बोलून करायची थेरपी) आणि ईएमडीआर दोन्ही सुचवल्या आहेत. म्हणजे ईएमडीआरच पाहिजे असा हट्ट नको, जवळ जे चांगलं शिकलेलं माणूस मिळंल ते.

रील्सवाल्या हीलरपासून मात्र लांब. दोन दिवसाच्या वर्कशॉपमध्ये पन्नास लोकांसमोर रडवतात, मागल्या जन्मात नेऊन आणतात आणि सोमवारी तुम्ही एकटे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी नंबर विचारायचा, लाजायचं नाही, आणि ट्रॉमाच्या कामाचं ट्रेनिंग कुठं झालं ते विचारायचं. खरा असंल तर आनंदानं सांगतो, चिडला तर उठून या.

पैशाचं म्हणाल तर खासगी सेशन महाग पडतात, ते दर आठवड्याला. मुंबईत केईएम, नायर यांच्या सायकियाट्री ओपीडीत केसपेपरवर काम होतं, गर्दी असते, सकाळी लवकर जावं लागतं. ठाण्यालाही मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, नावाला घाबरू नका. आणि रात्री-बेरात्री कुणी बोलायला पाहिजे असंल तर टेलिमानस, १४४१६, फुकट आहे, सरकारी आहे, मराठीत बोलतात. कधी तो जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल.

गोंधळलेली:

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री सगळं परत परत वाचलं. अपूर्णांक, तुमचं वाचून रडू आलं. वऱ्हाडी दादा, तसं काही बोलत नाही तो, मी सरळ विचारलंही, पण नंबर सेव्ह केला.

दोन शंका. एक, मामा म्हणतात जुनं उकरून काढायचं कशाला, खपली धरलीय ती का काढायची, समृद्धीने जा, घाट विसर, आणि यातून तू मोठा होशील, संकट माणसाला घडवतं. हे ऐकलं की नवरा खोलीत जातो आणि दार लावतो. दुसरं, त्या गोळीचं काय?

मनकवडा:

गोळी आधी. अल्प्राझोलमने तेवढ्यापुरती झोप लागते, आघाताचं मूळ काम होत नाही, महिनोन् महिने घेतली की सवय लागते हे चहाबाज यांचं अगदी बरोबर आहे. पण एकदम बंद करू नका, त्याने त्रास वाढू शकतो, सायकियाट्रिस्ट हळूहळू कमी करून देतील. पीटीएसडीसाठी वेगळी औषधं असतात, सर्ट्रालिनसारखी, ती लागतील की नाही तेही तेच ठरवतील. ओपीडीत जाताना गोळीची स्ट्रिप, डिस्चार्ज कार्ड आणि झोपेचं एका कागदावर लिहून न्या, कधी झोपतो, कधी उठतो. अपघातात डोक्याला मार लागला होता का तेही सांगा, चिडचिड आणि झोपेत त्याचाही भाग असू शकतो.

खपलीचं. मामांची उपमा घ्यायची तर आत पू आहे म्हणूनच ठणकतंय ना. टाळण्याने त्या क्षणी सुटका होते, हाच घोळ आहे. गेटपाशी उतरला, हायसं वाटलं, मेंदूने नोंद केली की उतरलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती एक पायरी वर. आधी घाट गेला, मग गाडी, मग बस, आता वायपर. बोगद्यातून गेल्याने नाशिक येईल, हे सुटणार नाही. यावर एक्स्पोजर नावाची पद्धत आहे, पीटीएसडीसाठी ती एडना फोआ यांनी बसवली, थेरपिस्टबरोबर पायऱ्या ठरवतात. त्याच्या बाबतीत कदाचित अशा: बंद गाडीत पार्किंगमध्ये बसणं, मग कोरड्या काचेवर वायपर चालू करून बसणं, मग शेजारच्या सीटवरून रिंगरोडला चक्कर, आणि घाट खूप नंतर. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचं, ती वर असताना पळायचं नाही. शिवाय घडलं ते सगळं, चहाच्या टपरीपासून, मोठ्याने सांगायचं, परत परत. "चहाला थांबलो नसतो तर" हे तिथे तपासून बघता येतं. ट्रकचा ब्रेक चहामुळे गेला नव्हता हे तुम्ही हजारदा सांगून उपयोग नाही, त्याला स्वतःला तिथे पोचावं लागतं. पण हे घरी स्वतःहून सुरू करू नका. जबरदस्तीने गाडीत बसवणं म्हणजे एक्स्पोजर नव्हे.

आणि "यातून मोठा होशील". आघातानंतर काही माणसांत खरंच बदल होतो, नाती घट्ट होतात, काय महत्त्वाचं ते कळतं, टेडेस्की आणि कॅल्हून या दोघांनी नव्वदच्या दशकात त्याला पोस्टट्रॉमॅटिक ग्रोथ म्हटलं. पण त्यांच्याच मांडणीत ही वाढ त्रासाच्या बरोबरीने होते, त्रासाच्या ऐवजी नाही, आणि सगळ्यांची होते असंही नाही. मित्र गमावलेल्या माणसाला तू यातून शिक म्हणणं म्हणजे त्याच्या मित्राला धडा करून टाकणं. दार लावणारच तो. मामांना सांगा, तुम्ही त्याला क्रिकेटची मॅच बघायला बोलवा, शेजारी बसा, पुरे आहे. त्यांची माया खरी आहे, ती कामी लावा.

सुगरण_आजी:

मोठमोठं मला कळत नाही बाई, पण ध्यान डोळे मिटूनच करायचं असतं थोडंच. आमचे हे गेले तेव्हा मला देवासमोर बसवायचं नाही, बसलं की हेच दिसायचे. सूनबाईने मेथीच्या जुड्या आणून दिल्या, निवडा म्हणाली. एक एक पान, मातीचा वास, काडी बोटाने मोडायची. तेवढा वेळ बरं जायचं. त्याला द्या काहीतरी हातात. मुलीला शेजारी बसवा, पोरं बोलत राहतात, आपल्याला बोलावं लागत नाही.

चहाबाज:

आजी __/\__. ताई, मामांना धम्मगिरीच्या नियमावलीतला तो भाग छापून दाखवा, शिबिरं केलेला माणूस आहे, तिथलं लिहिलेलं नाकारणार नाही. मग वर्षा-दोन वर्षांनी त्याची इच्छा असेल तर मीच सोबत जाईन, थेरपिस्टने हो म्हटलं तर.

गोंधळलेली:

तुमची आयडिया वापरली चहाबाज. मामांनी दोनदा वाचलं, काही बोलले नाहीत, मग म्हणाले बरं, आधी डॉक्टर. नवऱ्याला मी आजींचं वाचून दाखवलं, मनकवडा यांचं नाही, एवढं एकदम नको वाटलं. तो म्हणाला चपलांचं कुणी लिहिलंय ते दाखव. अपूर्णांक, तुमचा प्रतिसाद त्याने माझ्या फोनवर स्वतः वाचला आणि विचारलं या कुठे गेल्या होत्या. म्हणून व्यनि (खासगी निरोप) केलाय, जमेल तेव्हा बघा, त्यांचा पत्ता नको, नुसतं ट्रेनिंग कसं तपासलंत तेवढं सांगा.

गुरुवारी सकाळी ओपीडीला जातोय, लोकलने. स्ट्रिप आणि कागद घेतलाय. मी आत बसू का बाहेर थांबू?

अपूर्णांक:

व्यनि पाहिला, आज रात्री सविस्तर लिहिते. पहिल्या भेटीत सुरुवातीला दोघं आत जा, झोपेचं आणि चिडचिडीचं तुम्ही सांगा, त्याला ते आठवत नसतं नीट. मग डॉक्टर म्हणतीलच बाहेर थांबा, तेव्हा बाहेर या. घरी येताना काय काय बोललास असं विचारू नका, माझ्या नवऱ्याला हे शिकायला वेळ लागला होता. आणि डबा न्या, नंबर यायला दुपार होते.